हवाई बेटांवर मुंगसानं पक्ष्यांचं एवढं नुकसान कसं केलं? आपल्याकडे तर ते शेतकऱ्याचं मित्र ना?

मित्र म्हणे! हे वाक्य आमच्या दाजींच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की लिहायला बसलोच.

दाजींची निफाडकडे द्राक्षबाग. घुशी-उंदरांनी ठिबकच्या नळ्या कुरतडून वैताग आणलेला. दाजींनी कुणाकडून तरी पिंजऱ्यातून मुंगूस आणलं नि कांदाचाळीपाशी सोडलं. मी तेव्हाच म्हणालो, उंदीर फिरतात रात्री, मुंगूस दिवसा. गाठ पडायची कधी? "तुमचं सगळं पुस्तकी." पुढच्या आठवड्यात शेजारच्या आजींच्या खुराड्यात फळीखालून शिरून त्यानं पिल्लं नेली, अंडी फोडून ठेवली. नळ्या गळतायत त्या गळतायतच. आजींना पैसे दिले दाजींनी, पण हरलो म्हणायचं नाव नाही.

हवाईत हेच झालं. 1883 मध्ये ऊस मळेवाल्यांनी उंदरांसाठी जमैकाहून मुंगसं आणली. जमैकात ती 1872 साली कलकत्त्याहून गेलेली. उंदीर उरलेच. मार बसला नेनेला (आडनाव नव्हे, तिथला हंस). तो घरटं जमिनीवर करतो आणि पिल्लं वाढवायच्या दिवसांत पिसं गळून त्याला उडताही येत नाही. जमिनीवरचा असा शिकारी त्याच्या पिढ्यांनी पाहिलाच नव्हता. काउआई बेटावर मुंगूस रुजलं नाही, तिथे नेने चांगले वाढले. आपली टिटवीही अंडी उघड्यावरच घालते, पण ती ढेकळांत दिसतच नाहीत, आणि मुंगूस बांधावर आलं की जोडी घिरट्या घालत ओरडून गाव गोळा करते. दोघांची ओळख जुनी आहे.

दाजींचा हुकमी एक्का: "एका मुंगसानं काय होतंय?" जपानच्या अमामी ओशिमा बेटावर 1979 मध्ये हाबू साप मारायला सुमारे 30 सोडली. हाबूही निशाचर! 2000 च्या सुमारास ती अंदाजे 10 हजार झाली आणि तिथला दुर्मीळ काळा ससा फस्त करू लागली. वर्षानुवर्षं सापळे लावून, कुत्री फिरवून बेट मुंगूसमुक्त झाल्याचं जाहीर व्हायला 2024 उजाडलं.

आता हेही सांगतो, हवाईत उंदीर, मांजरं आणि डासांनी पसरवलेला हिवताप हेही पक्ष्यांच्या मुळावर आले. सगळं खापर मुंगसावर नको. शिवाय परदेशी गेली ती छोटी जात, आपल्याकडे शेतात बहुधा दिसतं ते राखाडी, मोठं. त्याच्यावर माझा राग नाही, ते इथलंच आहे. आपणहून येतं तेवढं येऊ द्या. पकडणं, पाळणं कायद्यानं गुन्हा आहे. दाजींना सांगितलं तर म्हणाले, "पाळलं कुठं, सोडलंच की!"