इस्त्रीच्या चकतीवर भरवसा नको

प्रश्न : काका, आम्ही दोघं मित्र उद्यमनगरात मामाच्या शेडमध्ये दोन सीटचं हलकं विमान बांधतोय. पंखांचे लाकडी सांगाडे तयार आहेत. विमानाचं खास कापड मागवायचं तर खिसा रिकामा होतोय. इचलकरंजीत पॉलिस्टर ढिगानं मिळतं, ते चालेल का? ताणायला घरचीच इस्त्री घेतली तर? गणपतीच्या आत पंख रंगवून टाकायचा विचार आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : इचलकरंजीचं कापड शर्टाला घे, पंखाला नको. वाईट आहे म्हणून नव्हे. शर्टाचं कापड धुतल्यावर आटू नये म्हणून कारखान्यातच गरम करून बसवलेलं असतं आणि आपल्याला तर आटणारंच कापड हवंय. विमानाचं पॉलिस्टर मुद्दाम कच्चं ठेवतात, त्याची आवळायची ताकद शाबूत असते. पैसे वाचवायचे तर रंगात वाचव. चकाकी कमी आली तर विमान खाली येत नाही.

आता इस्त्री. घरची चालेल, पण तिच्या चकतीवर विश्वास ठेवू नकोस. मी एका फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये पुष्पक विमानांवर बरीच वर्षं काम केलं. हे आपलं एचएएलचं दोन सीटचं विमान, 1958 साली पहिल्यांदा उडालेलं, अंगावर कापडच. तिथं एकदा शेपटीच्या रडरवर, म्हणजे विमान डावी-उजवीकडं वळवणाऱ्या उभ्या फळीवर, मी चकती बघून इस्त्री फिरवली. आधी कापड छान आवळलं, मग हाताखाली मऊ पडलं ते पडलंच. किती फिरवली तरी परत ताण धरेना. सगळं फाडून काढलं, कडेचा गोंद खरवडण्यात आख्खा दिवस गेला आणि वर बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आपली हलगी शेकोटीवर धरली की कशी टणटणते, तसंच हे. फरक एवढाच की हलगी गार झाली की उतरते, पॉलिस्टर आवळलेलंच राहतं. म्हणून चूकही कायमची. पहिला हात सुमारे 121 अंश सेल्सिअसला, शेवटचा 177 ला. त्यापुढं गेलास तर माझ्या रडरसारखं होणार. उद्यमनगरात हीट ट्रीटमेंटवाले आहेतच, त्यांच्याकडून थर्मोकपल, म्हणजे टेकवून तापमान मोजायची तार, माग, तळाला टेकवून माप आणि चकतीवर दोन्ही जागी खुणा कर. लांबून रोखायची इन्फ्रारेड गन नको, चकचकीत तळावर ती आकडा कमी दाखवते. थर्मोस्टॅट बंद-चालू होताना तापमान वरखाली होतं, तेव्हा दहा मिनिटं नजर ठेव आणि सगळ्यात वरचा आकडा धर. आणि एकच बाजू पूर्ण आवळून दुसरीकडं वळू नकोस. वरखाली दोन्हीकडं आधी 121 चा हात, मगच 177 चा. नाहीतर पंखाची मागची पातळ कड धनुष्यासारखी वाकते.

गोंद फक्त कडेला धरतो. उडताना पंखाच्या वर हवेचा दाब कमी होतो आणि कापड रिबवरून, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या फासळ्यांवरून, उचलायला बघतं. म्हणून ते रिबला दोऱ्यानं शिवायचं, तेही आवळून झाल्यावरच. टाक्यांमधलं अंतर विमानाच्या वेगावर ठरतं, ते तुझ्या नकाशात दिलेलं असेल. प्रोपेलरच्या झोतात येणाऱ्या रिबवर टाके जवळजवळ. लांब सुई, मेण लावलेला दोरा, प्रत्येक टाक्याला गाठ. चपलांच्या कामातला कुणी ओळखीचा असेल तर चहा पाजून शेजारी बसव, गाठ ओढायचा हात त्याला सांगावा लागणार नाही.

गणपतीच्या आत रंग? कोल्हापूरच्या पावसात? विसर. डोप, म्हणजे कापडावर चढवायचा लेप, किंवा तत्सम लेपातलं थिनर झपाट्यानं उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि दही सांडल्यासारखे पांढरे डाग उठतात. तो थर कमजोरही असतो. दसऱ्यानंतर कोरड्या दिवशी हात घाल. तोवर एक काम कर : गोंदाच्या थिनरमध्ये भिजवलेली चिंधी सांगाड्याच्या व्हार्निशवर घासून बघ. व्हार्निश चिकट झालं तर ते काढून दोन भागांचं इपॉक्सी व्हार्निश लावावं लागेल, नाहीतर गोंद लाकडाला नाही, सुटलेल्या पापुद्र्याला धरेल. आतल्या केबली, पुली, खिळे, सगळ्याचे फोटो काढ आणि तपासणाऱ्या जाणकाराला झाकायच्या आधी दाखव.

रंगाच्या आधी चंदेरी लेप चुकवू नकोस. त्यातली ॲल्युमिनियमची पूड उन्हाला अडवते. पॉलिस्टरला पाणी काही करत नाही, ऊन खातं. लेप पुरला का, हे बघायला रात्री शेडचे दिवे घालव आणि पंखाच्या आत 60 वॅटचा बल्ब धर. बाहेरून उजेड दिसला तिथं अजून एक हात.

मागच्या कडेला प्रत्येक कप्प्यात सगळ्यात खालच्या जागी पाणी निचरायचं भोक ठेव. आणि पहिली इस्त्री पंखावर नको, दोन फुटांची लाकडी चौकट ठोकून तिच्यावर कापड चिकटव आणि तिथं हात बसव. ती चौकट फाटली तर मला पत्र टाक.