मिरजेत कॅथलिक आले कुठून, आणि आजीच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळेल का?

तुम्ही विचारलंय की पणजोबा रेल्वेत गार्ड होते, आजी मिरजेत जन्मली असं घरात सांगतात, तर तिच्या बाप्तिस्म्याची नोंद तिथल्या चर्चमध्ये मिळेल का, आणि मुळात मिरजेत कॅथलिक आले कुठून. मी मिरजेचाच. पॅरिशच्या, म्हणजे इथल्या चर्चच्या, ऑफिसात जुनी रजिस्टरं उतरवून काढायला फादरना दोन वर्षं मदत केलीय, म्हणून लिहितो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पणजोबांच्या नोकरीतच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वे इथं आली. पुणे, कोल्हापूर, लोंढ्यावरून वास्को असे फाटे मिरजेत मिळाले, पुढं १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडीही आली. गार्ड, ड्रायव्हर, फिटर सगळे क्वार्टर्समध्ये, आणि त्यांत गोवेकर बरेच. वसईसारखी पिढ्यान्‌पिढ्यांची वाडी-शेती आमच्या पॅरिशच्या मागे नाही. इथं जो तो बदलीचा कागद घेऊन आला. नंतर दवाखान्यांत केरळच्या नर्सेस आल्या, नगरकडची मराठी कुटुंबं आली.

वॉनलेस हॉस्पिटल मात्र अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं, १८९४ पासूनचं. ती मंडळी प्रोटेस्टंट, त्यांची रजिस्टरं वेगळी. पुष्कळ लोक चुकून तिकडं चौकशी करून रिकाम्या हातानं परत येतात.

आता नोंदीचं. जुन्या ओळी लॅटिनमध्ये आहेत, तेव्हा जॉन शोधू नका, ‘योआन्नेस’ शोधा. जोसेफचा ‘योसेफुस’ झालेला असतो. जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईबाप, धर्ममातापिता, खाली फादरची सही. पण खरी गंमत समासात असते. १९०८ पासूनचा नियम असा की लग्न कुठंही लागलं तरी तिथल्या फादरनं बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवायचं आणि ते इथं मूळ नोंदीशेजारी लिहायचं. निळसर काळ्या शाईत एका मुलीचा बाप्तिस्मा, आणि शेजारी बावीस वर्षांनी वेगळ्या हातानं, जागा पुरेना म्हणून उभं लिहिलेलं ‘हुबळी’ आणि नवऱ्याचं नाव. मी ते पान उलटायचं विसरून बसलो होतो, फादरनी हाक मारली तेव्हा भानावर आलो.

नोंद सापडली नाही तर लगेच निराश होऊ नका. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत गोवेकरांतही होती. बाई गोव्याला जायची, बाळाला तिथल्याच चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं पाणी मिळायचं आणि तीन महिन्यांनी दोघं मिरजेला परत. घरचे मात्र मुलगी मिरजेचीच सांगणार! पणजोबांची कोल्हापूरला बदली झाली असेल तर तिकडंही विचारा. कोल्हापूर २००५ पासून सिंधुदुर्ग धर्मप्रांतात, म्हणजे तिथल्या बिशपच्या हद्दीत, आहे. सांगली-मिरज अजून पुण्याकडंच.

तेव्हाचं जगणं कसं होतं म्हणाल, तर लहानपणचं सांगतो. ऑक्टोबरभर रोज वेगळ्या क्वार्टरमध्ये रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. कुणाकडं लादीन, म्हणजे घरी जमून म्हणायची प्रार्थना, असलं की शेवटी उकडलेले चणे, आणि मोठ्यांसाठी आतल्या खोलीत काहीतरी, ज्याकडं आम्ही पोरांनी बघायचं नसे. मे महिन्यात चर्च ओस, सगळे गावी. ज्याची रात्रपाळी असे तो युनिफॉर्मवरच मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येऊन मागच्या बाकावर पेंगायचा. जगभरच्या बिशपांच्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन गेलं आणि मिस्सा मराठीत आली. आज्या म्हणायच्या, आता सगळं कळतं, पण गोडी गेली. सतारी-तंबोऱ्यांच्या या गावात आमच्या कॉयरची, म्हणजे चर्चमधल्या गाणाऱ्यांची, पेटी मात्र कायम बेसूर, ती का ते देवालाच ठाऊक.

जाताना तुमचं आजीशी नातं दाखवणारा कागद न्या. रजिस्टरचा फोटो काढू देत नाहीत, दाखला लिहून देतात. रविवारी मिस्सा सुटल्यावर जाऊ नका, फादरना तेव्हा उसंत नसते. मधल्या वारी सकाळी जा. आणि निघण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन करून पणजीचं माहेरचं गाव विचारून ठेवा.