सड्यावरची सायकल: हवा किती, ब्रेक कुठला, वाट कोणती

प्रश्न: नमस्कार दादा. वय ४३, वजन ७० किलो. दिवाळीत २१ गिअरची एमटीबी (माउंटन बाइक) घेतली, टायर २.१ इंची आहेत. रविवारी सकाळी आम्ही तिघं-चौघं गावाबाहेर सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, पायवाटांनी दोनेक तास फिरतो, रेस वगैरे काही नाही, नुसती मजा म्हणून. पण कातळावर सायकल नुसती उडते, हात बधिर होतात, आणि गेल्या रविवारी उतारावर मागचं चाक सरकलं आणि कोपर सोलून निघालं. दुकानात म्हणाले पुढचं सस्पेन्शन बदला, आठ हजार लागतील. बदलू का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: आठ हजार आत्ता खिशातच ठेवा, आधी टायरातली हवा बघा. टायरच्या बाजूला जो मॅक्स ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असा काहीतरी आकडा छापलेला असतो ना, ती वरची मर्यादा असते, पण बरेच जण तेवढीच ठासून भरून देतात कारण डांबरी रस्त्यावर कडक टायर हलका पळतो. कातळावर नेमकं उलटं होतं. आपला कातळ जांभ्याचा, आणि जांभा दगड म्हणजे नुसत्या खाचा आणि भोकं, कडक टायर प्रत्येक खाचेवरून उडी मारतो, आणि चाक जेवढा वेळ हवेत असतं तेवढा वेळ ना पकड ना ब्रेक. तुमचं चाक बहुतेक तिथेच सुटलं असणार. मऊ टायर दगडावर बसतो, दगडाचा आकार धरतो.

तुमच्या वजनाला पुढे ३०, मागे ३४ पासून सुरुवात करा आणि मग दर रविवारी दोन-दोन पीएसआय कमी करत बघा, पण टायरवर खालची मर्यादा छापलेली असेल तर तिच्या खाली जाऊ नका. अंगठ्याने दाबून कळत नाही हो, ४० आणि ६० अंगठ्याला सारखेच लागतात, हवा मोजायचं गेज हवंच. अशा बहुतेक सायकलींचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखाच असतो, तसा असेल तर गाडीचं साधं गेज चालतं. किती कमी म्हणजे फार कमी, ते ट्यूबच सांगते: पंक्चर झालं की ट्यूब काढून नीट बघा, एकच बारीक भोक असेल तर करवंदीचा नाहीतर बाभळीचा काटा, पण शेजारी-शेजारी दोन लांबट चिरा, साप चावल्यासारख्या, दिसल्या तर समजायचं की कातळाच्या धारेवर टायर पार रिमला टेकला आणि ट्यूब मधे चिमटली. मग तीन पीएसआय वाढवायचे. एवढं सगळं करून महिनाभर चालवा, तरी हात बधिर होत असतील तर मग सस्पेन्शनचं बोलू.

आता उतार. उतार लागायच्या आधी थांबून सीट चार बोटं खाली घ्या, पेडलवर उभे राहा, दोन्ही पेडल एका पातळीत, गुडघे-कोपरं सैल, कंबर थोडी मागे. नजर चाकासमोर नको, पुढे पाच-सात मीटरवर. आणि पुढच्या ब्रेकला घाबरू नका! लहानपणी आपल्याला सगळ्यांनी सांगितलेलं असतं की पुढचा ब्रेक दाबलास की तोंडावर पडशील, त्यामुळे माणसं नुसता मागचाच ओढतात आणि मागचं चाक लॉक होऊन सरकतं. सायकल थांबवायचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो, फक्त एका बोटाने, हळूहळू वाढवत दाबायचा. जिथे कातळावर जांभ्याचा लाल भुगा पसरलेला असतो तिथे मात्र त्याच्या आधीच वेग कमी करून ब्रेक सोडून सरळ जायचं, भुग्यावर ना ब्रेक ना वळण.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक गोष्ट सांगतो, कारण मला तिची खरंच काळजी वाटते. सडा लांबून उजाड दिसतो म्हणून लोकांना वाटतं की कुठूनही सायकल घाला. तसं नाहीये. पावसाच्या सुरुवातीला त्याच कातळाच्या फटीतल्या बोटभर मातीत दीपकाडी फुलते, ती पांढरी फुलं कोकणाबाहेर फारशी मिळत नाहीत, नंतर श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं आणि गेंद येतात, आणि तो मातीचा थर चाकाने एकदा उखडला की पुढच्या पावसात धुपून जातो, खाली नुसता दगड. आणि कातळशिल्पं, म्हणजे जुन्या काळी माणसांनी कातळात कोरलेली चित्रं! उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, २०२२ मध्ये ही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्तीच सुमारे १८ मीटर लांब आहे, एवढा मोठा की त्याच्यावर उभं राहिलं तर तो हत्ती आहे हे कळतच नाही, पायाखाली फक्त दोन-चार बोटं खोल चर दिसतात, आणि वर माती-गवत असेल तर तेही नाही. असे अजून न सापडलेले चर तुमच्या सड्यावरही असू शकतात. म्हणून गुरांची, माणसांची रुळलेली जी पायवाट आहे तिच्यावरूनच जा, पाणी साचलं म्हणून बाजूने नवीन वाट पाडू नका, गडग्याचे (दगडी कुंपणाचे) दगड काढू नका, बेडं (कुंपणाचं फाटक) उघडलंत तर मागे लावून घ्या. गुरं दिसली तर उतरून चालत जा, राखणाऱ्याला दोन शब्द बोला, पुढची वाट तोच नीट सांगतो.

प्रश्न: माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, मित्रांबरोबर सड्यावर सायकल न्यायला सारखा मागे लागतो. पावसाळ्यात पाठवू का? (एक आई, गुहागर)

उत्तर: ताई, जून ते सप्टेंबर नको. कोरडा जांभा पायाला कानशीसारखा लागतो, तोच पावसात शेवाळ धरला की साबण होतो, आणि पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) पायऱ्या तर त्याहून वाईट. मी स्वतः एका जुलैत अशाच हिरव्या कातळावर पुढचा ब्रेक दाबला आणि काय झालं ते कळायच्या आत खांद्यावर पडलो, सहा आठवडे हात गळ्यात होता. आणि वहाळाला (ओढ्याला) पाणी कधी वाढेल ते सांगता येत नाही. दसऱ्यानंतर जाऊ दे, हेल्मेट घालून, एकटा नाही, आणि कुठल्या वाटेने जाणार ते घरात सांगून. तोपर्यंत शाळेच्या मैदानात पुढच्या ब्रेकची प्रॅक्टिस करून घ्या, एक दगड ठेवायचा आणि त्याच्या बरोब्बर अलीकडे थांबायचं.

प्रश्न: ओहोटीला पुळणीवर (समुद्राकाठच्या वाळूवर) सायकल चालवतो, फार छान वाटतं, पण दोन महिन्यांत चेन तांबडी झाली. रोज तेल घालतो तरी. (वाचक, अलिबाग)

उत्तर: तेल कमी पडत नाहीये, तेलाखाली मीठ आणि वाळू राहतेय. वरून तेल ओतलंत की तीच वाळू कानशीसारखी चेनचे सांधे खाते. घरी आल्या-आल्या गोड्या पाण्याने धुवा, बादली आणि मगा पुरे, प्रेशरचा पाइप बेअरिंगवर मारू नका, पाणी आत जातं. मग जुन्या कापडाने चेन पुसून सुकू द्या आणि प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब चेनचं तेल, खोबरेल नको, पेडल उलटं फिरवायचं आणि वरचं तेल पुसून टाकायचं. तांबेरा वरवरचा असेल तर निघेल, पण सांधे अडकत असतील, वाकवलं तरी सरळ होत नसतील, तर चेन बदला, नाहीतर मागचे दातेही झिजतील आणि खर्च दुप्पट होईल.