एसएमपीएस ४५० वॅटचा आहे, मग रोज साडेपाच युनिट जातात का?

तुम्ही विचारलंय की एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ४५० वॅट लिहिलंय आणि कॉम्प्युटर दिवसातनं १२ तास चालू असतो, म्हणजे रोज साडेपाच युनिट धरायचे का. नाही हो, लय लांब आहे ते. ४५० हा जास्तीत जास्त किती देऊ शकतो त्याचा आकडा आहे, प्रत्यक्षात मशीनला लागेल तेवढंच ओढतं.

माझं राजारामपुरीत डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, फ्लेक्स वगैरे. मागच्या सीझनला दुकानाचं बिल बघून मलापण अशीच धडकी भरलेली, मग वॅटमीटर आणून सॉकेटमधी लावला आणि दिवसभर आकडा बघत बसलो. नुसता डेस्कटॉप उघडा असला की ५५ ते ६०, २२ इंची मॉनिटर वेगळा २० च्या आसपास, फ्लेक्सची मोठी फाईल एक्सपोर्टला टाकली की सीपीयू १३० च्या वर जायचा आणि काम झालं की झटक्यात खाली. म्हणजे काम करताना जाते ती वीज जाऊ दे, पण गिऱ्हाईक नाही, मी जेवायला गेलोय, तरी ८० वॅट चालूच. असे दिवसाचे ६ तास धरले तरी महिन्याला १४ युनिट फुकट जातात की.

त्यामुळं पहिल्यांदा स्लीप लावा. स्लीपमधी मेन करंट रॅमला, म्हणजे उघडं काम धरून ठेवणाऱ्या मेमरीला असतो, माझ्या मीटरवर २-३ वॅटच दिसतात. मॉनिटर ५ मिनिटाला बंद, मशीन १५ मिनिटाला स्लीप असं ठेवलंय मी. स्क्रीनसेव्हरवर विसंबू नका, त्यात स्क्रीन चालूच असते, काही वाचत नाही.

आता खरी गंमत, माझं एक मशीन स्लीपला जायचंच नाही. विंडोजमधी कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाईप करायची काळी खिडकी) अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश रिक्वेस्ट्स असं इंग्रजीत टाईप करा, कोण जागं ठेवतंय ते नावासकट दाखवतं. माझ्यात ब्राउझर निघाला, पोरानं स्पीकर बंद केलेला पण गाणी आत चालूच होती.

दुसरं म्हणजे पॉवर प्लॅनच्या अॅडव्हान्स सेटिंगमधी मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ करा, बऱ्याच मशीनवर टर्बो, म्हणजे प्रोसेसरचं नेहमीच्या स्पीडच्या वर पळणं, बंद होतो. स्पीड वाढवायला व्होल्टेजपण वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून शेवटचा थोडासा स्पीड लय महाग पडतो. टायपिंग आणि डिझाईनला मला तरी फरक जाणवला नाही, गेम खेळत असाल तर मात्र राहू दे.

आपल्याकडं पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि लाईट गेली की स्लीपमधलं उघडं काम जातं, तेवढ्यासाठी हायब्रिड स्लीप चालू ठेवा, ते रॅममधलं डिस्कवरपण लिहून ठेवतं. रात्री मात्र शटडाऊन करून भिंतीवरचं बटणच बंद करा.