वाचकांचे प्रश्न : पार्सल कोणाकडे द्यावं?

प्रश्न : कुडाळजवळच्या गावातून आमचा बचत गट आमसुलं आणि आगळ (कोकमाचा घट्ट रस) पाठवतो. गिऱ्हाइकं डोंबिवली, पुणे आणि गडचिरोलीला आहेत. कुरिअरवाला म्हणतो दोन दिवस, पण एकदा नऊ लागले. स्पीड पोस्ट बरं की कुरिअर?

उत्तर : नऊ दिवस एकदाच लागले की पाचात एकदा, यावर सगळं अवलंबून आहे. समजा, कुरिअरची पाच पार्सलं 2, 2, 3, 2 आणि 9 दिवसांत पोचली आणि पोस्टाची 4, 4, 4, 3 आणि 5 दिवसांत. सरासरी काढली तर कुरिअर पुढे : 3.6 विरुद्ध 4. पण पोस्टाच्या भरवशावर तुम्ही गिऱ्हाइकाला 'पाच दिवसांत' असं सांगू शकता, कुरिअरच्या भरवशावर नाही. वेग आणि भरवसा वेगवेगळे मोजा.

त्यासाठी वेगळा खर्च नको. येणाऱ्या ऑर्डरींना क्रमांक द्या; विषम क्रमांकाच्या पोस्टाने, सम क्रमांकाच्या कुरिअरने पाठवा. प्रत्येक शहरासाठी दोन्हीकडून किमान पाच पार्सलं होऊ द्या, आणि गडचिरोलीचा हिशेब पुण्यात मिसळू नका. वहीत चार टप्प्यांची वेळ लिहा : बुकिंग, पहिल्या हबची (पार्सलं वेगळी करून पुढे पाठवणाऱ्या केंद्राची) नोंद, वाटप करणाऱ्या ऑफिसात पोच, प्रत्यक्ष हातात. उशीर नेमका कुठे होतो ते यातूनच कळतं. बऱ्याचदा तो रस्त्यात होतच नाही, पहिल्या किंवा शेवटच्या टप्प्यात होतो.

गावच्या शाखा डाकघरातून टपालाची बॅग साधारण दिवसातून एकदाच निघते. ती बंद झाल्यावर आणलेलं पार्सल दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच राहतं. शनिवारी दुपारी दिलं तर रविवारही गेला. बॅगेची वेळ डाकपालांना विचारा आणि तासभर आधी जा. एक दिवस फुकट वाचेल. कुरिअरला मात्र पत्त्याचा पिनकोड देऊन आधी विचारा : घरपोच देणार, की गिऱ्हाइकाने ऑफिसात येऊन न्यायचं? 442 ने सुरू होणाऱ्या, म्हणजे गडचिरोलीकडच्या पिनकोडांतल्या आतल्या गावांसाठी हा प्रश्न टाळूच नका. पोस्टमन तिथेही जातो.

दराचीही एक गोम आहे. बहुतेक कुरिअर खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात; येणारा आकडा किलोतलं वजन मानतात आणि तो व खरं वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे घेतात. 40×30×20 च्या खोक्यात दोन किलो आमसुलं भरलीत तर वजन 4.8 किलो धरलं जातं. 30×20×15 च्या खोक्याचं येतं 1.8, म्हणजे खऱ्या वजनाचेच पैसे. काही जण 4000 ने भागतात, तेव्हा दरपत्रक बघून घ्या.

आगळाची बाटली प्लास्टिकचीच घ्या, वर दोन बोटं रिकामी ठेवा, झाकणाला टेप लावा आणि प्रत्येक बाटली वेगळ्या पिशवीत बांधा. एक बाटली गळली तर खोकं मऊ पडतं, पत्त्यावरची शाई पसरते, आणि मग पार्सल हबमध्ये पडून राहतं. म्हणून पत्ता आतही एका चिठ्ठीवर लिहून ठेवा.

प्रश्न : आम्ही घरात असूनही ट्रॅकिंगवर 'दार बंद' अशी नोंद आली. काय करावं?

उत्तर : त्याच दिवशी तक्रार नोंदवा, थांबू नका. नोंदीची वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, त्या वेळी फोन आला होता का ते कॉलच्या यादीत बघा, आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. पोस्टाचं पार्सल असेल तर वाटपाच्या डाकघरात ओळखपत्र आणि तेरा अक्षर-अंकांचा ट्रॅकिंग क्रमांक घेऊन जा; तिथे ठेवलेलं असेल तर हातात मिळतं. उशीर केलात तर पार्सल पाठवणाऱ्याकडे परत निघतं. पुढच्या वेळी पत्त्यात मजला, जवळची खूण आणि दुसरा फोन नंबर जरूर द्या.