इच्छाशक्ती कमी असेल तर नुसती आजूबाजूची मांडणी बदलून खाणं आणि व्यायाम सुधारतो का?

खाण्याचं तरी नक्की सुधारतं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या कॅफेटेरियात अ‍ॅन थॉर्नडाइक या डॉक्टरबाईंनी २०१० मध्ये हे करून बघितलं, आधी पदार्थांना हिरवी-पिवळी-लाल लेबलं लावली (हिरवं म्हणजे चांगलं, लाल म्हणजे टाळावं असं) आणि मग फक्त जागा बदलल्या, म्हणजे पाण्याच्या बाटल्या फ्रिजमध्ये नजरेसमोर आणल्या आणि जेवणाच्या काउंटरपाशी टोपल्यांतही भरून ठेवल्या. जागा बदलल्यावर बाटलीबंद पाण्याचा खप २५.८ टक्के वाढला, लाल लेबलवाल्या पेयांचा ११.४ टक्के घटला, कोणी कोणाला लेक्चर दिलं नाही.

व्यायामाचं तेवढं सोपं नाही. २००९ मध्ये स्टॉकहोमच्या ओडेनप्लान मेट्रो स्टेशनवर जिन्याचा पियानो केला होता, लोक सरकता जिना सोडून त्यावर उड्या मारत गेले, पण ती एका कार कंपनीची जाहिरात होती आणि रोज ऑफिसला जाणाऱ्याला ही गंमत किती दिवस पुरणार! त्यापेक्षा चालण्याजोगा फूटपाथ आणि उजेड असलेला जिना जास्त कामाचा, आपल्याकडे दोन्हींची बोंब आहे ते सोडा.

घरी काय कराल? फरसाण, बिस्किटं पारदर्शक बरणीतून काढून स्टीलच्या डब्यात वरच्या फळीवर टाका आणि केळी, पेरू टेबलावर ठेवा, कारण भूक लागल्यावर हात आधी समोर दिसेल त्याच्याकडेच जातो. चालायचे बूट दारातच राहू देत. भांडी बदलायच्या फंदात मात्र पडू नका, छोट्या ताटात कमी खाल्लं जातं हा सल्ला ज्यांनी गाजवला त्या अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या तेव्हाच्या संशोधकाचे, ब्रायन वॅन्सिंक यांचे, बरेच पेपर नंतर मागे घेतले गेलेत.