शस्त्रक्रियेआधी पातळ आहार कशासाठी?

प्रश्न : माझी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. आधी दोन आठवडे पातळ आहार का सांगितला आहे? आणि पोहे-जिलबी कायमची सुटणार का? (एक वाचक भगिनी, इंदूर)

उत्तर : कमी उष्मांकांच्या पातळ आहाराने यकृतातील चरबी घटून ते आकसते आणि त्याच्याखालील जठरापर्यंत दुर्बिणीने पोहोचणे अधिक सुरक्षित होते, म्हणून हा नियम कृपया मोडू नका. पुढे रोज किमान 60 ग्रॅम प्रथिने लागतात, आणि शाकाहारी घरात ती पनीर, दही, मूगडाळ यांतून जाणीवपूर्वक जमवावी लागतात. पोहे काही महिन्यांनी, थोडे आणि नीट चावून चालतील. जिलबीने मात्र घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. बी-12, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या आयुष्यभर सुरू ठेवा. वजन उतरल्यावर नेमके हेच सुटते, याची मला फार काळजी वाटते.